बोर्ड बदलायचा की कार्ड?

माझ्या लेकीचं म्हणणं, तिचा कॉम्प्युटर दमलाय. माझ्या मोठ्या भावाचं म्हणणं, कॉम्प्युटर दमलेला नाही, त्याचं वय झालंय, आणि या दोन गोष्टींवरचा इलाज वेगळा असतो. लेक तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. शिफ्ट संपली की रात्री गेम खेळते. भाऊ तारापूरच्या अ‍ॅटॉमिकमध्ये म्हणजे अणुवीज केंद्रात मेंटेनन्सला होता आणि टॅप्स कॉलनीत राहून तिथूनच निवृत्त झाला. कोणालाही वाटेल, म्हातारा म्हणणार 'आहे ते वापरा' आणि पोरगी म्हणणार 'सगळं नवं आणा'. आमच्याकडे नेमकं उलटं आहे. लेक एकेक भाग बदलून जुनं चालवायच्या मताची, आणि दादाला पायापासून नवं हवं. मी शाळेत गणित शिकवते. गेम मला कळत नाहीत, पण कोणाचा हिशोब कुठे लंगडतो ते कळतं, म्हणून हे लिहून ठेवते.

यंत्र असं आहे: २०१९ साली बोईसरमध्येच जोडून घेतलेलं, रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, सोळा जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस.

भाची: मामा, बोर्डाला हात लावायची गरजच नाही. एएम४ सॉकेट आहे. बायॉस अपडेट केला की त्याच खाचेत रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो. २६०० काढायचा, ५६०० टाकायचा. रॅम तीच, कॅबिनेट तेच, विंडोज तेच.

मामा: सॉकेट कोणत्या सालचा?

भाची: २०१६ चा. रायझन आले २०१७ मध्ये.

मामा: आणि त्यात बसणारा सगळ्यात चांगला प्रोसेसर अजून बनतो का?

भाची: गेमसाठी सगळ्यात चांगला म्हणशील तर ५८००एक्स३डी. त्याचं उत्पादन थांबलं.

मामा: मग झालं की. ज्या बैठकीचे भाग बाजारातून उठत चाललेत, तिच्यात नवा पैसा घालायचा नाही. हे मी कुठल्या व्हिडिओत ऐकून सांगत नाही. आमची पहिली दोन युनिटं १९६९ ची, जनरल इलेक्ट्रिकने बांधलेली. १९७४ ला पोखरण झालं आणि अमेरिकेने हात आखडता घेतला. इंधन अडलं, ते पुढे १९८२ नंतर फ्रान्सकडून आणावं लागलं. सुट्या भागांचंही तेच. एखादा व्हॉल्व्ह, एखादा रिले बाहेरून येणार नाही म्हटल्यावर इथेच बनवून घ्यायचा, नाहीतर त्याच्यावाचून चालवायचं. शिकायला मिळालं खूप, पण ती वेळ कोणी हौसेने ओढवून घेऊ नये.

भाची: पण चाललाच ना प्लांट? तूच सांगितलंस, सुरुवातीला प्रत्येक युनिट २१० मेगावॉटचं होतं. दुय्यम स्टीम जनरेटरच्या नळ्या गळायला लागल्या, तेव्हा ते बाजूला काढले आणि १६० वर चालवलं. पुढे पस्तीसेक वर्षं त्याच आकड्यावर वीज दिली. मी तर उलट वाढवायचं म्हणतेय.

मामा: १६० वर आलो कारण २१० परवडेना. त्याला अपग्रेड म्हणत नाहीत.

भाची: निर्णय म्हणतात. कुठला भाग अडवतोय ते ओळखून तेवढाच सोडवला.

इथे लेकीने पहिला गुण मिळवला असं माझं मत. दादा मात्र 'अडवतोय कोण' या शब्दावरच अडला. अडवणारा भाग प्रोसेसरच आहे हे तिने कशावरून ठरवलं? लेक म्हणाली, 'सगळे म्हणतात.' दादाने मान हलवली. त्याच्या नोकरीत कोणी 'सगळे म्हणतात' म्हणून पंप उघडला असता तर रात्रीच्या शिफ्टला चहा मिळाला नसता.

मामा: आधी मोज. रीडिंग घे, मग पाना उचल.

भाची: मोजते ना. गेम चालू ठेवून कार्डाचा वापर बघायचा. कार्ड ९७-९९ टक्के भरलेलं दिसलं तर कार्ड अडवतंय. कार्ड साठ-सत्तरवर रेंगाळतंय आणि तरी फ्रेम वाढत नाहीत, म्हणजे प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाही. दुसरी खूण आणखी सोपी. चित्राचं रिझोल्यूशन कमी करायचं. फ्रेम वाढल्या तर दोष कार्डाचा. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरचा किंवा रॅमचा.

मामा: आणि सरासरी बघू नकोस. सरासरीने मशीन मरत नाही, झटक्याने मरते.

भाची: त्यालाही आकडा आहे. सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम किती वेळ घेतात तो बघायचा.

माझ्या कामाचा भाग हाच. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. लेकीचा मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे प्रत्येक चित्र ६.९ मिलिसेकंदांत तयार हवं. प्रोसेसरने एका चित्राचं गणित दहा मिलिसेकंदांत केलं तर कार्ड कितीही तगडं असो, सेकंदाला शंभराच्या वर काही निघणार नाही. दोघांपैकी जो संथ, त्याचाच आकडा पडद्यावर दिसतो. हे मी सातवीच्या मुलांना सांगितलं असतं तर त्यांना काम-काळ-वेगाची उदाहरणं एका तासात कळली असती.

मोजल्यावर निघालं ते दोघांनाही थोडं गैरसोयीचं होतं. व्हॅलोरंट या खेळात अडवतो प्रोसेसर. तिथे कार्ड अर्धं रिकामं बसतं. मोठ्या, चित्रमय खेळांत कार्ड सतत ९९ वर, आणि त्याच्या चार जीबी मेमरीचा पेला काठोकाठ. शिवाय काही खेळ तर उघडतच नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमला प्रकाशकिरणांचं गणित करणारं खास हार्डवेअर कार्डावर लागतंच. १६५० वर ते नाही. त्याला सेटिंग कमी करून भागत नाही.

भाची: बघ, दोन अडथळे निघाले. दोन्ही सुटे सुटे काढता येतात. ५६०० घेते आणि कार्ड घेते.

मामा: सुटे कुठे आहेत? कार्ड बसतं त्या खाचेचा वेग सांग.

भाची: पीसीआय एक्सप्रेस ३.०.

मामा: आणि आजची कार्डं?

भाची: ४.० आणि ५.० ची. पण जुन्या खाचेतही चालतात.

मामा: चालतात हे मला माहीत आहे. स्वस्तातली बरीचशी कार्डं सोळाऐवजी आठच लेन वापरतात, हेही वाचलंय मी. आठ लेन नव्या बोर्डावर पुरतात, कारण प्रत्येक लेन वेगवान. तुझ्या बोर्डावर त्याच आठ लेन निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगाने वाहतात. मग कार्डाची स्वतःची मेमरी भरली, की उरलेला माल या अरुंद रस्त्याने आणायचा, आणि तिथे तुझा झटका बसतो.

दादाने हे वाचलं कधी, मला कळलं नाही. लेक क्षणभर गप्प झाली, पण हरली नाही. तिने उत्तर शोधलं होतं: आठ जीबीचं, आठ लेनचं कार्ड घ्यायचंच नाही. सोळा जीबी मेमरी आणि सोळा लेन असलेलं घ्यायचं. २०२५ च्या जूनमध्ये आलेलं सोळा जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी तसं आहे. मेमरी भरलीच नाही तर रस्त्याची रुंदी फारशी आड येत नाही, आणि रस्ताही पूर्ण सोळा पदरी. दादाने हा मुद्दा मान्य केला, पण 'बरोबर' असं न म्हणता 'त्याला वीज किती लागते?' असं विचारून.

विजेच्या बाबतीत मात्र दोघांचं एका मिनिटात जमलं, आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. १६५० ला खाचेतूनच मिळणारे पंचाहत्तर वॅट पुरतात. वेगळी वायर लागत नाही. नव्या कार्डाला साधारण त्याच्या दुप्पट वीज लागते आणि ती आठ पिनांच्या वेगळ्या वायरने येते. जुन्या एसएमपीएसला ती वायरच नाही. दुकानदार म्हणतात, कनेक्टर लावून देतो. दादा यावर जे बोलला ते छापण्यासारखं नाही. थोडक्यात, एसएमपीएस हा असा भाग आहे की तो मेला तर एकटा मरत नाही. लोक कार्डावर पैसे ओततात आणि उरलेल्या चिल्लरमध्ये एसएमपीएस बसवतात. आपल्याकडच्या व्होल्टेजचे हेलकावे पाहता क्रम उलटा हवा.

मामा: आता माझं ऐक. एसएमपीएस नवा, कार्ड नवं, प्रोसेसर नवा. मग जुनं उरलं काय? बोर्ड आणि रॅम. त्या दोघांसाठी एवढी कसरत? बोर्डही टाक. एएम५ घे. २०२२ चा आहे, आणि कंपनीने २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं सांगितलंय. पुढचे दोन प्रोसेसर त्यातच बसतील.

भाची: एएम५ ला डीडीआर५ च रॅम लागते. माझी रॅम त्यात शिरत पण नाही.

मामा: मग रॅम घे.

भाची: रॅमचा भाव बघितलास? २०२५ च्या शेवटी काही महिन्यांत दुपटीच्या वर गेला. एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचललाय. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये जाहीर केलं, क्रुशियल नावाने आपल्यासारख्या गिऱ्हाइकांना विकणं बंद करतोय. तू म्हणतोस पायापासून नवं, पण तुझ्या नव्या पायातली सगळ्यात महाग वीट आज रॅम आहे. बोर्ड बदलला की रॅम बदलते, प्रोसेसर बदलतो, विंडोजचं लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असेल तर तेही पुन्हा. एका स्क्रूमागे चार खर्च.

मामा: भाव उतरतात.

भाची: उतरतील तेव्हा घेईन. तोवर खेळू नको?

मामा: आणि सुरक्षिततेचं काय? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

भाची: रायझन २००० मालिका विंडोज ११ च्या यादीत आहे. १००० असती तर गोची होती. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम बायॉसमध्ये बंद असतं, चालू केलं की झालं. व्हॅलोरंटसाठी मी ते केव्हाच केलंय.

मामा: नवं ते चांगलं, असं मी म्हणत नाहीये.

भाची: म्हणतोयस. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे भारी प्रोसेसर घेतलेल्यांना विचार. नवेकोरे, महागडे, आणि जास्त व्होल्टेज खाऊन हळूहळू बिघडायला लागले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोकोड बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. इंटेलचा तो सॉकेटही तीन पिढ्यांत संपला.

मग दादाने हुकमाचं पान काढलं. म्हणाला, अ‍ॅटॉमिकने शेवटी काय केलं? जुन्या दोघांना टेकू देत बसले नाहीत. शेजारी तिसरं आणि चौथं युनिट उभं केलं, आपल्याच डिझाइनचं, प्रत्येकी ५४० मेगावॉटचं. २००५ आणि २००६ ला ती चालू झाली. एका नव्यात जुन्या दोघांची बेरीज बसून वर उरते.

भाची: आणि त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली.

मामा: ते मला सांगू नकोस. पोफरणची माणसं तुझ्याआधी माझ्या ओळखीची आहेत.

भाची: म्हणूनच सांगते. नव्याचा खर्च बोर्डाच्या किमतीएवढाच नसतो. आणि जुनी दोन मोडली का? नाही. २००५-०६ ला त्यांचंच नूतनीकरण केलं. २०२० पासून बंद ठेवून पाइप बदलायला घेतले.

यावर दादा चिडेल असं मला वाटलं होतं, पण हा त्याच्या आवडीचा विषय निघाला. जुन्या बॉयलिंग वॉटर अणुभट्ट्यांत रिसर्क्युलेशनच्या पाइपला वेल्डच्या शेजारी बारीक तडे जातात. हा आजार जगभर माहीत आहे आणि त्यावर उपाय म्हणजे तडा न जाणाऱ्या पोलादाचे पाइप घालणं. कुठला भाग झिजतो, कशाने झिजतो आणि तो बदलून बाकीचं किती वर्षं टिकेल, हे मोजूनच असा खर्च करतात. २००५-०६ च्या कामात त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती: पहिल्या दोन युनिटांमधल्या सामायिक यंत्रणा वेगळ्या केल्या, म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याला लागू नये, आणि मोठ्या ताकदीचे डिझेल जनरेटर बसवले, वीज गेली तरी थंडावा चालू राहावा म्हणून. बोलता बोलता दादा स्वतःच्या बाजूने बोलायचा थांबला होता. ते त्याच्या लक्षात आलं नाही, लेकीच्या आलं.

भाची: म्हणजे भाग बदलून चालवणं चूक नाही.

मामा: बाकीचं धडधाकट असेल तर. तुझा बोर्ड कसा आहे ते उघडून तरी बघू.

बाजूचा पत्रा काढल्यावर धूळ निघाली तिचं वर्णन करत नाही. मुद्दा हवेचा आहे, आणि तो मुंबई-पुण्याच्या खेळाडूंना सहसा सुचत नाही. चिंचणी-तारापूरकडून खारा वारा येतो आणि एमआयडीसीकडून रसायनांचा वास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सगळ्यात वर होतं. हवेतलं गंधक तांब्याला आणि चांदीला धरतं, काळपट थर बनवतं, आणि पावसाळ्याच्या दमटपणात हा थर पसरत जाऊन दोन रेषा जोडतो किंवा एखादी तोडतो. सोल्डरमधून शिसं काढायचा नियम युरोपात २००६ ला आला आणि काही बोर्डांवर चांदीचा मुलामा आला, तेव्हापासून अशा हवेतल्या यंत्रांचं हे दुखणं वाढलेलं आहे. लेक लॅबमध्ये हेच वायू मोजते, तिला सांगायची गरज नव्हती. गाळणीने धूळ अडते, वायू अडत नाही. उपाय साधाच: खिडकीखाली मशीन ठेवायचं नाही, आणि पावसाळ्यात ते आठवडाभर बंद ठेवायचं नाही. चालू मशीन गरम राहतं, त्याच्यावर दमट हवा बसत नाही.

बोर्ड बराच स्वच्छ निघाला. रॅमच्या पट्ट्यांच्या कडा मात्र मंद झाल्या होत्या, आणि दादाने लगेच खिशातून खोडरबर काढला.

भाची: नको! खोडरबराने सोन्याचा मुलामा निघतो. आधीच तो नखाच्या ओरखड्याएवढा पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणते.

मामा: बोईसरचे सगळे मेकॅनिक खोडरबरच वापरतात.

भाची: म्हणूनच सहा महिन्यांनी तीच मशीन परत त्यांच्याकडे येते.

रॅम परत बसवताना आणखी एक गोष्ट सापडली. रॅम ३२०० ची, पण बायॉसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारं सेटिंग, बंद असल्यामुळे ती इतकी वर्षं २४०० वर चालत होती. ज्याने जोडली त्याने चालू केलं नाही, आम्ही बघितलं नाही. ते चालू केल्यावर व्हॅलोरंटमधले झटके थोडे कमी झाले, फुकटात. असे किती तरी कॉम्प्युटर पालघर जिल्ह्यात अर्ध्या दमाने चालत असतील. नवा भाग विकताना आधी हे तपासून देणारा दुकानदार कुठे असेल तर त्याच्याकडे मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून जाईन.

बायॉस अपडेटवर मात्र पुन्हा जुंपली. लेक म्हणाली पाच मिनिटांचं काम. दादा म्हणाला त्या पाच मिनिटांत वीज गेली तर बोर्डाचा दगड होतो, आणि या बोर्डावर बायॉस परत भरायचं वेगळं बटण नाही. वीज गेली तर काय, हा प्रश्न तो आयुष्यभर सगळ्यात आधी विचारत आलाय. यूपीएस आणल्याशिवाय अपडेट नाही, असं ठरलं. आणि क्रमही ठरला: आधी जुन्या प्रोसेसरवर अपडेट, मग नवा प्रोसेसर. उलट केलं तर मशीन उठतच नाही. जुना प्रोसेसर काढायच्या आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं आणि पंखा फिरवत फिरवत सोडवायचा. थंड, सुकलेल्या पेस्टसकट सरळ ओढला तर या सॉकेटमधून प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो.

मामा: कार्ड आणि एसएमपीएस घे, माझी हरकत नाही. उद्या बोर्ड बदललास तरी दोन्ही नव्या बोर्डावर जातील. पण ५६०० जाणार नाही. तो या बोर्डाबरोबरच संपणार.

भाची: तो संपेपर्यंत दोन-तीन वर्षं रॅमच्या भावाकडे न बघता काढता येतील. ते काय फुकट आहे?

मामा: पुढे येणाऱ्या पैशातून कापलेले आहेत.

भाची: सगळेच पैसे पुढच्या पैशातून कापलेले असतात, मामा.

दादाची कसोटी मला पटते: पुढच्या यंत्रात जे सोबत येईल त्यावर मोकळ्या हाताने खर्च करावा, जे येणार नाही त्यावर हात राखून. पण हात राखून म्हणजे हात बांधून नव्हे. ५६०० हा त्या सॉकेटमधला स्वस्त तुकडा आहे, आणि व्हॅलोरंटचं रीडिंग त्याच्याच बाजूने आहे. ५७००एक्स३डी वगैरेंच्या मागे जुन्या बाजारात धावायला मात्र मीही नको म्हटलं. तिथे २०२२ मध्ये इथेरियमची खाण बंद पडल्यावर राबून आलेली कार्डं जशी नवी म्हणून खपवली गेली, तसे प्रोसेसरही खपतात. दादाला वाटतं मी लेकीची बाजू घेतली. लेकीला वाटतं मी कार्डापुरतीच घेतली.

येत्या शनिवारी दोघं डहाणू लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून लॅमिंग्टन रोडला जाणार आहेत. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव सांगून तिथे कोणी पोचल्याचं ऐकिवात नाही. यादीत एसएमपीएस पहिला, मग कार्ड, मग यूपीएस. ५६०० च्या पुढे लेकीने प्रश्नचिन्ह काढलंय आणि दादाने त्यावर काट मारलीय. तिने ती काट पुन्हा खोडली आहे. शेवटी दादाने यादीच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: डब्यावरचा आणि कार्डावरचा सिरियल नंबर जुळवून, तोच नंबर जीएसटीच्या बिलावर लिहून घेणे, आणि मगच पैसे देणे.